पाणी कोणाच्या खाती? : पाटस्थळ, मोटस्थळ आणि पेठचे ओढे

नाशिकहून पेठकडे जाणारा रस्ता सावळघाट उतरू लागला की आपण सह्याद्रीची धार ओलांडत आहोत हे नकाशा न पाहताही जाणवते. धारेच्या पूर्वेला पडलेला पाऊस गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे निघतो. पश्चिमेला पडलेला दमणगंगा आणि पार यांच्या वाटेने अरबी समुद्राला मिळतो. पेठ तालुक्यात वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच जिल्ह्यातील सिन्नर-येवल्याच्या वाट्याला त्याचा फार तर चौथा-तिसरा हिस्सा येतो. आणि तरीही फाल्गुन सरला की पेठच्या पाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात, टँकरची वाट पाहिली जाते. २०२२ च्या उन्हाळ्यात बोरीची बारी येथील खोल विहिरीत उतरणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली होती. पावसाचा तालुका आणि तहानेचा तालुका असे हे एकाच भूमीचे दोन चेहरे आहेत.

हा विरोधाभास भूगोलाने समजावून देता येतो. तीव्र उतार, काळ्या पाषाणाचा पाणी न धरणारा थर, धावते ओढे ही कारणे खरीच आहेत. परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. ज्या शेतावर हे पाणी पडते, ज्या बांधावरून वाहते आणि ज्या कातळाखाली थोडेफार मुरते, त्या शेताच्या धन्याचा त्या पाण्याशी नेमका संबंध काय, हा इतिहासाचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. एका बाजूला ‘पाणी सरकारचे’ हे तत्त्व आणि दुसऱ्या बाजूला ‘शेत माझे म्हणून पाणी माझे’ ही भावना, असा हा वाद साधारणतः मांडला जातो. ही मांडणी अपुरी आहे, आणि ती कशी घडत गेली हे महसुली मराठीतील काही शब्दांच्या आधारे पाहता येते, असे मला वाटते. साहित्याच्या अभ्यासकाला कायद्यापेक्षा शब्दांचा मार्ग अधिक परिचयाचा असतो. म्हणून त्याच मार्गाने जाऊ.

१

आपल्या जुन्या महसुली भाषेत जमिनीचे दोन ढोबळ वर्ग होते : जिरायत आणि बागायत. पावसावर पिकणारी ती जिरायत. पाणी देऊन पिकवली जाणारी ती बागायत. बागायतीचे पुन्हा दोन पोटभेद. पाटाच्या पाण्यावर भिजते ते ‘पाटस्थळ’ आणि मोटेच्या पाण्यावर भिजते ते ‘मोटस्थळ’. हे दोन शब्द केवळ सिंचनाच्या साधनांची नावे नव्हेत. त्यांच्यात पाण्याच्या दोन निरनिराळ्या समाजव्यवस्था दडलेल्या आहेत. मोट ही एका घरची असते. विहीर खणण्याचा खर्च, बैलजोडी, नाडा-सोंदूर, पहाटे उठून मोट हाकणारा माणूस, हे सारे त्या घराचे. पाट मात्र एका घराला कधीच काढता येत नाही. नदीत बंधारा घालायचा, दुसऱ्याच्या शेतातून चारी न्यायची, दर पावसाळ्यानंतर गाळ काढायचा आणि पाण्याची पाळी ठरवायची, यासाठी गाव लागते.

पाटस्थळाचे सर्वांत प्रगल्भ रूप म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागातील आणि खानदेशातील फडपद्धती. मोसम, आरम, गिरणा, पांझरा या नद्यांवर ओळीने बंधारे असत आणि एकेका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या क्षेत्राला ‘थळ’ म्हणत. थळाचे फड पाडलेले असत. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचे, आणि पुढच्या वर्षी फड बदलून पिकांचा फेर पाळायचा, अशी रीत होती. पाण्याची राखण आणि वाटणी करायला पाटकरी, हवालदार, जागल्या, बारेकरी अशी नेमलेली माणसे असत आणि त्यांचा मेहनताना शेतकरीच देत. यातील मर्म असे की, फडातील जमीन ज्याची त्याच्या नावावर असे. ती तो विकू शके, मुलांत वाटू शके. परंतु तिच्यात या वर्षी काय पेरायचे हे तो एकटा ठरवू शकत नसे. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्याने, पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तुटीचा भार एकाच माणसावर पडत नसे. जमीन खाजगी, पाणी सामाईक आणि पीक संमतीचे, अशी ही व्यवस्था होती. खाजगी मालकी आणि सामूहिक नियंत्रण या परस्परविरोधी गोष्टी आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी फडाकडे एकदा पाहावे.

पेठमध्ये मात्र ना पाटस्थळ होते ना मोटस्थळ. येथे भात, नागली आणि वरई. उतारावरची माळजमीन, राब भाजणे आणि पावसाची वाट. बंधारा घालून पाट काढावा अशी सपाटी नाही आणि मोट चालवावी अशी बारमाही विहीर क्वचित. पाण्याच्या मालकीविषयीचे सारे कायदे जेव्हा घडले, तेव्हा ते या दोन शब्दांना डोळ्यांसमोर ठेवून घडले. पेठ त्या दोन शब्दांत बसतच नव्हते.

२

पेठ हे दीर्घ काळ एक छोटे संस्थान होते. दळवी घराण्याकडे असलेले हे संस्थान शेवटच्या बेगमेच्या निधनानंतर १८७८ मध्ये ब्रिटिश मुलखात सामील झाले आणि नाशिक जिल्ह्याचा भाग बनले. हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, मुंबई इलाख्यात दोन कायदे झाले : मुंबई जमीन महसूल संहिता आणि मुंबई पाटबंधारे कायदा. म्हणजे पेठची माती ज्या घटकेला इंग्रजी दप्तरात दाखल होत होती, त्याच सुमारास तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याचीही मालकी लिहिली जात होती.

जमीन महसूल संहितेच्या ३७ व्या कलमाने नद्या, ओढे, नाले, तळी, स्थिर आणि वाहते पाणी ही सारी सरकारची मालमत्ता ठरवली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हेच तत्त्व २० व्या कलमात आले आणि ते आजही लागू आहे. पण या कलमात एक उपवाक्य आहे, आणि व्याकरण शिकवणाऱ्यांनी ते विशेष बारकाईने वाचावे : जे दुसऱ्या कोणाची मालमत्ता नाही तेवढेच सरकारचे. मुख्य वाक्य सगळे पाणी सरकारला देते आणि हे उपवाक्य एक फट ठेवते. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत महाराष्ट्रात पाण्यावरून झालेला बराचसा झगडा या फटीतूनच वाहिला आहे.

फट रुंद केली ती दुसऱ्या एका कायद्याने. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा १८९१ पासून मुंबई इलाख्याला लागू झाला. नैसर्गिक पात्रातून वाहणाऱ्या नद्या-ओढ्यांच्या पाण्याचे नियमन करण्याचा सरकारचा अधिकार या कायद्याने अबाधित ठेवला. परंतु निश्चित पात्रातून न वाहणारे, भूमीवरचे किंवा भूमीखालचे पाणी आपल्या हद्दीत अडवण्याचा आणि वापरण्याचा हक्क जमिनीच्या धन्याला दिला. यामागे इंग्लंडमधील न्यायनिवाड्यांची परंपरा होती. १८४३ मध्ये तेथे एका खटल्यात, शेजारच्या खाणीमुळे विहीर आटलेल्या कापडगिरणीच्या मालकाला भरपाई नाकारली गेली. जमिनीखालचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे कोणालाच दिसत नाही, तेव्हा जो आपल्या जमिनीत खणेल त्याने ते घ्यावे, असा त्या निवाड्याचा आशय होता. भूजलशास्त्र बाल्यावस्थेत असताना, पावसाच्या देशात आणि कोळशाच्या खाणींच्या शेजारी जन्मलेला हा नियम दख्खनच्या पठारावर आला आणि आमच्या विहिरींचा कायदा बनला.

अशा रीतीने एकाच पावसाचे दोन तुकडे झाले. ओढ्याला लागलेला थेंब सरकारचा. जमिनीत मुरलेला थेंब सातबाऱ्याच्या धन्याचा. पाटस्थळ सरकारकडे गेले, मोटस्थळ खाजगी राहिले. स्वखर्चाने केलेल्या सुधारणेवर, म्हणजे स्वतः खणलेल्या विहिरीवर, जादा सारा बसवायचा नाही हे मुंबई इलाख्याचे महसुली धोरणही या विभागणीला पूरकच होते. त्यात शेतकऱ्याला उत्तेजन देण्याचा हेतू होता यात शंका नाही. परंतु या दोन तुकड्यांच्या मध्ये जे तिसरे होते, ते फडाचे, पाळीचे, थळाचे पाणी, त्याला कायद्याच्या पुस्तकात स्वतंत्र नाव उरले नाही. पाटकरी आणि बारेकरी पुढेही काम करीत राहिले. पण रूढी म्हणून, हक्काचे धनी म्हणून नव्हे. कायद्याला दोनच पक्ष दिसत होते : सरकार आणि खातेदार.

याच दशकात, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला. त्यातील पाटबंधारे खात्यावरची टीका आणि शेतात ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी जागच्या जागी मुरवण्याची त्यांची सूचना प्रसिद्ध आहे. सरकारने पाण्यात हात घालू नये असे त्यांचे म्हणणे नव्हते. सरकारने शेतकऱ्यासाठी काम करावे, पट्टी घेते तर पाणी पोचवावे आणि त्याचा जाब द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. नियंत्रणाला विरोध आणि बेजबाबदार नियंत्रणाला विरोध या दोहोंतला फरक त्यांनी तेव्हाच ओळखला होता.

३

येथवरचे वाचून, सरकारी मालकी म्हणजे अन्याय आणि गावकी म्हणजे न्याय असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करायला महाडला जावे लागेल.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपण सारे शिकवतो. त्यानंतर झालेला दावा मात्र फारसा शिकवला जात नाही. सवर्णांच्या वतीने डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयात दावा गुदरला गेला. त्यातील मुख्य युक्तिवाद धर्माचा किंवा विटाळाचा एवढाच नव्हता. तो मालमत्तेचाही होता. हे तळे सार्वजनिक नाही, ते भोवतालच्या घरमालकांच्या वहिवाटीचे, खाजगी आहे, म्हणून त्यावर कोणी यावे हे ठरवण्याचा अधिकार आमचा, असे म्हणणे मांडले गेले. दावा खालच्या न्यायालयापासून चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो अखेर फेटाळला. तळे खाजगी ठरले नाही, ही त्या विजयाची कायदेशीर पायरी होती.

पाण्याच्या मालकीचा विचार करताना हा निवाडा विसरून चालत नाही. ‘पाणी कोणा खाजगी माणसाचे नाही’ हे तत्त्व येथे मुक्तिदायी ठरले. जी गावकी पाळी ठरवत असे, तीच गावकी पाणवठ्याचे वरचे आणि खालचे अंगही ठरवत असे. फडाच्या पाण्यातही वाटा होता तो थळात जमीन असलेल्याला, भूमिहीनाला नव्हे. तेव्हा सरकारी मालकीला विरोध करताना आपण नेमके कोणाच्या बाजूने बोलत आहोत, हे प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते. मालकीहक्काची भाषा दुबळ्याचे संरक्षण करते, तशी ती बळवंताच्या हाती कुंपणही देते.

४

स्वातंत्र्यानंतर पाटस्थळ आणि मोटस्थळ यांतील तोल झपाट्याने बदलला. मोट गेली, डिझेलचे इंजिन आले; पाठोपाठ वीज आणि पंप आले. आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’मध्ये (१९७१) यंत्र शेतावर येताच माणूस आणि जनावरे यांचे नाते कसे उसवत जाते, ते आपण वाचतो. पाण्याच्या बाबतीत त्या यंत्राने आणखी एक गोष्ट केली. मोटेला बैलांच्या दमाची मर्यादा होती. पंपाला ती नव्हती. मोटेच्या काळात ‘माझी विहीर, माझे पाणी’ हा दावा शेजाऱ्याला फारसा जाचत नव्हता, कारण एका जोडीने उपसून उपसून किती उपसणार? कूपनलिकेच्या काळात तोच दावा शेजाऱ्याची विहीर कोरडी करू लागला. कायदा तोच राहिला, हत्यार बदलले.

१९७२ च्या दुष्काळाने हे उघडे केले. त्याच वर्षी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. प्रथम पाण्याचा शोध घेण्यासाठी, पुढे पाण्याची काळजी वाहण्यासाठी. १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणासाठी भूजल नियमनाचा कायदा झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेता येणार नाही, हे त्याचे प्रमुख कलम. हेतू निर्विवाद चांगला. पण गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीशेजारी कूपनलिका घेणाऱ्या वजनदार शेतकऱ्याविरुद्ध तक्रार करणार कोण? गावात राहून त्याच्याशी वैर पत्करणार कोण? कायदा पुस्तकात राहिला आणि कूपनलिका खोल जात राहिल्या.

नंतरचा, अधिक व्यापक असा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ मध्ये विधिमंडळाने संमत केला आणि तो जून २०१४ मध्ये अंमलात आला. विहिरींची नोंदणी, अधिसूचित क्षेत्रातील निर्बंध, ६० मीटरहून खोल विहिरींवर नियंत्रण, पाणलोट क्षेत्राची समिती, पाण्याच्या उपलब्धतेनुसार पीक योजना अशी त्याची चौकट आहे. २०१८ मध्ये त्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा शेतकऱ्यांत मोठी अस्वस्थता पसरली. आपल्याच शेतात विहीर खणायला परवानगी मागायची आणि आपल्याच पाण्यावर उपकर भरायचा, हे पटणारे नव्हते. या रागाची थट्टा करणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. ज्याचा कांदा बाजारात मातीमोल होतो, ज्याची वीज रात्री येते, ज्याला धरणाचे पाणी कधी मिळाले नाही, त्याच्या हाती स्वतःची म्हणता येईल अशी एकच गोष्ट उरते, ती विहीर. ती त्याने स्वतःच्या कर्जाने खणलेली असते. तेथेही सरकार पोचते तेव्हा, आजवर काही देऊ न शकलेले सरकार आता जे आहे तेही नेणार, असेच त्याला वाटते.

तरीही सत्य हे की, भूजलाला सातबारा नसतो. खडकाच्या भेगा गट क्रमांक पाहून पसरत नाहीत. माझ्या विहिरीतले पाणी माझ्या शेतात पडलेल्या पावसाचेच आहे असे कोणी म्हणू शकत नाही. मालकीची सीमा जमिनीवर आखता येते, पाण्यात नाही. मग शेतकऱ्याचा राग आणि खडकाचे सत्य यांचा मेळ कसा घालायचा?

५

या प्रश्नाची महाराष्ट्राने शोधलेली उत्तरे मंत्रालयात सापडलेली नाहीत. १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७४ मध्ये, पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची ४० एकर पडीक जमीन कराराने घेतली आणि पाणलोटाचे काम सुरू केले. त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी अर्ध्या एकरापुरते. एका कुटुंबाला फार तर पाच माणसांपर्यंत. ऊस घ्यायचा नाही. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. १८९१ पासून जमिनीला शिवलेले पाणी येथे प्रथमच जाणीवपूर्वक उसवून काढले गेले. ते सरकारला दिले गेले नाही, माणसांना दिले गेले.

दुसरे उदाहरण पेठच्या अगदी शेजारचे आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या शेवटच्या टोकाला, ओझरला, धरण होऊनही पाणी पोचत नव्हते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९० च्या सुमारास तेथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या. संस्थेने सरकारकडून पाणी मोजून घ्यायचे आणि सभासदांत स्वतः वाटायचे, अशी ही रीत. या संस्थांनी नाल्यांवरचे बंधारे कालव्याच्या पाण्याने भरून घेतले. त्यामुळे विहिरींना पाझर वाढला. आणि ज्यांच्या विहिरी अशा वाढल्या त्यांच्याकडूनही पट्टी घेण्याचा पायंडा त्यांनी पाडला. येथे पाटस्थळ आणि मोटस्थळ यांतील भिंत प्रत्यक्षात कोसळली. विहिरीत आलेले पाणी माझे एकट्याचे नाही, ते पाटातून पाझरले आहे, हे खातेदारांनी स्वतः मान्य केले. सरकारी अधिकाऱ्याने हीच पट्टी मागितली असती तर मोर्चा निघाला असता. नगर जिल्ह्यातील हिवरेबाजारने शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा निर्णय पाळला, त्यामागेही हेच रहस्य आहे. निर्बंध तोच असतो. तो कोणी घातला यावर त्याचे वजन ठरते.

२००५ मध्ये राज्याने दोन कायदे केले. एकाने पाणीवापर संस्थांना कायदेशीर स्थान दिले. दुसऱ्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण निर्माण केले आणि पाण्याच्या ‘हक्कदारी’ची कल्पना आणली. हा शब्द आकर्षक आहे, पण त्याच्या पोटात दोन अर्थ आहेत. एक साळुंखे यांचा : पाणी जमिनीपासून सोडवून माणसाला द्यावे. दुसरा बाजाराचा : पाणी जमिनीपासून सोडवले की ते हस्तांतरित करता येते, म्हणजे विकताही येते. आणि ज्या कायद्याने समन्यायी वाटपाची भाषा केली, त्याच कायद्याने दोनहून अधिक अपत्ये असणाऱ्यास दीडपट पाणीपट्टी लावण्याचे कलमही घातले. पाण्याच्या वहीत शासन आणखी काय काय लिहू पाहते, याचा हा नमुना.

६

आता पुन्हा घाट उतरून पेठला येऊ.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर शेतातून जाणारा ओढा कसा नोंदवला जातो हे पाहण्यासारखे आहे. ज्या ओढ्याचे पाणी इतर लोकही वापरतात, त्याखालची जमीन ‘पोटखराबा’ या सदरात जाते. म्हणजे पिकाच्या हिशेबाने ती खराब, लागवडीस अयोग्य. आणि तिच्यावरून जाणारे पाणी शासनाचे. शेतकऱ्याला ग्रंथ म्हणून जर काही वाचता येत असेल तर तो सातबारा. आणि त्या ग्रंथात त्याचा ओढा दोनदा त्याच्यापासून काढून घेतलेला असतो. शिवाय कायदा शेतकऱ्याला मालक म्हणतच नाही, ‘भोगवटादार’ म्हणतो. पेठ हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ शकत नाही, आणि हा निर्बंध त्याच्या रक्षणासाठीच आहे. अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत आली. २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत त्या कसण्याला नावही नव्हते. सातबारा नाही म्हणजे विहिरीचे अनुदान नाही, विहीर नाही म्हणजे १८९१ च्या कायद्याने दिलेला भूजलाचा हक्क हाही केवळ कागदावरचा. ज्याच्याकडे पंपच नाही, त्याला भूजलाच्या स्वामित्वाचे सुख काय आणि त्यावरच्या निर्बंधाचे दुःख काय?

म्हणूनच ‘सरकारी नियंत्रण विरुद्ध खाजगी मालकी’ हा सामना पेठमध्ये रिकाम्या मैदानात होतो. दोन्ही पक्षांपैकी कोणीही जिंकले तरी येथील पाणी खालीच जाते. आता मात्र त्या वाहून जाणाऱ्या पाण्याकडे साऱ्यांचे लक्ष गेले आहे. २०१० मध्ये केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात पार-तापी-नर्मदा आणि दमणगंगा-पिंजाळ या जोडण्यांच्या अहवालांसाठी करार झाला. त्यांपैकी पहिलीला दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी २०२२ मध्ये केलेल्या तीव्र विरोधानंतर ती बाजूला ठेवली गेली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये नार-पार-गिरणा योजनेला मंजुरी दिली. पेठ तालुक्यातील एकदरे येथून दमणगंगेचे पाणी उचलून वाघाड धरणात टाकण्याची योजनाही पुढे आली आहे. ‘समुद्राला वाया जाणारे पाणी’ हा या साऱ्या योजनांचा लाडका शब्दप्रयोग. तो ऐकला की मला पोटखराबा आठवतो. जे आपल्या हिशेबात बसत नाही ते खराब किंवा वाया गेलेले, ही भाषा जुनी आहे.

गिरणा खोऱ्याची तहान खोटी नाही. येवल्या-मालेगावच्या शेतकऱ्याचा तो हक्कही मान्य करावा लागेल. आक्षेप पाणी वळवण्याला नाही, विचारण्याच्या क्रमाला आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवण्याचे वचन दिले. राज्याचे नियम २०१४ मध्ये आले आणि त्यांत ग्रामसभेला स्थान मिळाले. पण ‘लहान’ या विशेषणात सारे अडकले आहे. गावतळे ग्रामसभेचे, आणि त्या तळ्याला पाणी देणारी नदी राज्याची. पेठच्या ओढ्याचे पाणी घाटावर चढून वाघाडला गेले, तर ओझरची पाणीवापर संस्था ते घनमापाने मोजून घेईल, तिची हक्कदारी नोंदवलेली असेल. ज्या पाड्यावरून ते उचलले गेले, त्या पाड्याची हक्कदारी कोणत्या वहीत लिहिली जाईल? खालच्या टोकाच्या शेतकऱ्याला न्याय मिळवून देणाऱ्या त्याच संस्थात्मक कल्पनेत वरच्या टोकाच्या माणसाला जागा हवी. उगमावर राहणाऱ्याचा पहिला घोट, आणि उतारावर मुरवण्याइतके पाणी, एवढे राखून मग उरलेले सार्वजनिक, असे म्हणायला कायदेपंडित असण्याची गरज नाही.

‘पाळी’ हा शब्द मराठीत मालकीच्या शब्दांहून कमी दिमाखाचा आहे. त्यात ‘माझे’ नाही आणि ‘सरकारचे’ही नाही, ‘आता माझी, नंतर तुझी’ एवढेच आहे. फडाच्या बारेकऱ्याला तो कळत होता, ओझरच्या सभासदाने तो पुन्हा शिकून घेतला, आणि महाडने त्यात आणखी एक अट घातली की पाळीतून कोणालाही वगळता येणार नाही. १८७९ पासून आजवरच्या कायद्यांत पाण्याला मालक मिळत गेले. पाळीला मात्र फार थोडी कलमे मिळाली. पेठचे ओढे घाट चढण्याआधी तरी त्यांच्या काठच्या माणसांची पाळी लिहिली जावी.